एक तांब्या पाणी

बुऱ्हाणपूर,
४ जुलै २०१९

श्रीमती लीलाबाई यांस,

पत्र पाहून दचकला असाल. दचकू नका, कुणी गेलेलं नाही. मीही अजून आहे.

तुम्हाला चार वेळा फोन केला. चारही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. म्हणजे नंबर चालू आहे आणि तुम्ही मुद्दाम उचलत नाही, एवढं गणित मला येतं. शेवटी आंतरदेशीय पत्र आणलं. पोस्टातल्या माणसाला ते शोधायला दोन कपाटं उघडावी लागली.

काम एवढंच आहे. माझा जुना फोन कपडे धुताना हौदात पडला. नवीन घेतला, पण त्याच्यावर आपला चॅनल उघडत नाही. तो म्हणतो, नोंदवलेल्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत, ते इथे भरा. नोंदवलेला नंबर तुमचा. चॅनल सुरू करताना सगळं तुम्हीच केलं होतं, मला तेव्हा फोनवर नुसतं बोलता येत होतं. तर आता आपले दोनशे चौदा पाठ, गणितापासून शिवणकामापर्यंत, जगात कुणालाही फुकट बघता येतात. फक्त मला त्यांत हात घालता येत नाही.

मला त्यातला एक पाठ काढून टाकायचा आहे. सत्त्याऐंशी नंबरचा. जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी कसं करावं, तो. त्यात थोडी दुरुस्ती हवी. त्या पाठाबद्दल तुमचं काय मत आहे ते मला ठाऊक आहे, तेव्हा तो विषय नको.

येत्या १४ तारखेला, रविवारी, सकाळी बरोबर अकरा वाजता मी बटण दाबीन. तुमच्या फोनवर आकडे येतील. ते दहा मिनिटंच चालतात. तेवढे मला मेसेज करावेत. बोलायची गरज नाही.

तुमच्या भावाला, पंडितभाऊंना, नमस्कार सांगावा. त्यांच्या घरी तुमची सोय नीट असेलच.

सुलभा


१६ जुलै

लीलाबाई,

रविवारी अकराला फोन शिलाई मशीनवर ठेवून बसले होते. पाठ घेताना ज्या लाल रिबिनीनं तुम्ही फोन मशीनच्या चाकाला बांधायचात, ती अजून तिथेच आहे. बटण दाबलं. दहा मिनिटं थांबले. वाटलं, तुमचं घड्याळ मागे असेल, म्हणून पुन्हा दाबलं. साडेअकराला तिसऱ्यांदा. बाराला उठून भात टाकला.

काल मोतीलाल पोस्टमन आला होता. म्हणाला, "बाईजी, आपने जैनाबाद को चिट्ठी डाली? अरे, नदी के उस पार ही तो है. पुल से पैदल निकल जाते, आधा घंटा." मी म्हटलं, "मोतीलालजी, आप चिट्ठी पहुँचाइए, रास्ता मुझे मालूम है." बिचारा निघून गेला. या महिन्यात दारात उभं राहून माझ्याशी दोन शब्द बोलणारा तो एक माणूस, त्यालाही मी फटकारलं. नंतर फार वाईट वाटलं.

कारण न सांगता मागणं बरोबर नाही, हे मला कळतं. तर थोडं सांगते. जूनच्या शेवटी डोईफोडियाहून एक म्हातारी आली. धुरपदाबाई नाव. घर विचारत विचारत आली. तिच्या सुनेच्या फोनवर आपले पाठ लागतात. कोकिळा नावाची सहा वर्षांची नात आहे, ती शाळेत हिंदीतून शिकते आणि घरी येऊन आपलं बघते, म्हणजे तिला शाळेतलं समजतं. केळीच्या फण्यांवर आपण अपूर्णांक शिकवले होते ना, तो पाठ त्या पोरीला तोंडपाठ आहे. म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुमी दिसायले लहानशा, आवाज तं लई मोठा वो तुमचा."

नातीला जुलाब झाले तेव्हा तिनं सत्त्याऐंशी नंबरचा पाठ लावला आणि त्याप्रमाणे पाणी करून पाजलं. मला द्यायला केळीची फणी घेऊन आली होती. बराच वेळ बसली. पोरगी आता बरी आहे. तिच्या बोलण्यावरून मला वाटलं, त्या पाठात एकदोन गोष्टी जास्त नीट सांगायला हव्यात. एवढंच.

बाकी ठीक. शेजारचे माग दिवसभर खटखटतात. शनिवारी दुपारी वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, आणि मी हातातली भाजी टाकून मशीनपाशी जाऊन उभी राहिले. वीज गेली, खटखट थांबली, की आपली शाळा भरायची, पाठ रेकॉर्ड व्हायचा, ती सवय. दोन मिनिटं उभी होते, तू पाटी-खडू घेऊन येशील म्हणून. तुम्ही, असं लिहायचं होतं. पेनानं लिहिलेलं खोडता येत नाही, राहू दे.

रोज अकरा वाजता बटण दाबत जाईन. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी आकडे पाठवा.

सुलभा


२८ जुलै

लीला,

आता तूच म्हणते. दोन पत्रांत तुम्ही-तुम्ही करून माझाच हात अवघडला. सव्वीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या बाईला तुम्ही म्हणायचं म्हणजे नाटक झालं.

रोज म्हटलं होतं, तेवढं काही झालं नाही. मोजून अकरा वेळा बटण दाबलं. म्हणजे अकरा वेळा तुझ्या दारावर थाप पडली, आणि तू आतून ऐकत बसलीस. तुझा हा स्वभाव मला माहीत आहे. भांडलीस तर बरं, पण तू गप्प बसतेस. शाळेतही तसंच. आपली मराठी शाळा त्या मोठ्या हिंदी शाळेत मिळवली, तेव्हा मी हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटून आले आणि तू खाली मान घालून सही केलीस. तुला नदीपलीकडची शाळा दिली, तू भावाकडे राहायला गेलीस. मी मुदतीआधी घरी बसले. गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगते, लीलाबाई नोकरीसाठी गेल्या, रोज कोण पूल ओलांडणार. ऐकणाऱ्याला पटतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मात्र मी दोघींच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. तुला पुलावरून यायला काय झालं होतं?

बरं, तांब्याचं बोलू. मी तो विषय नको म्हटलं होतं, पण माझ्याच डोक्यातून जात नाही.

पाठ घेताना तू म्हणालीस, "सुलभा, लिटर म्हण. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या दाखवू." मी म्हटलं, आपल्या बायकांच्या घरात लिटर कुठे असतो? तांब्या प्रत्येकीच्या घरात असतो. पुस्तकी बोलायचं तर सरकारी पाठ आहेत की, आपले कशाला हवेत? आणि मी खणखणीत आवाजात सांगितलं, "एक तांब्या पाणी घ्या. त्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ." त्या पाठात नुसते तुझे हात दिसतात, पण हातांवरूनही कळतं की तू रागावलेली आहेस. तांब्या जरा आपटूनच ठेवला आहेस.

गेल्या आठवड्यात मी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी धुऊन घेतली आणि गल्लीतल्या सात घरांतले तांबे मोजून आले. सरुबाई म्हणाली, "काय वो बाई, आता तांब्याची बी शिरगणती निघाली का सरकारची?" मी हसले नाही. सातांपैकी चार तांबे एका पिशवीत काठोकाठ भरले. दोघांत जरा जास्त मावलं. सरुबाईचा सर्वांत मोठा, त्यातही दीड पिशवी. लिटरचा एकही नाही. मग घरी येऊन आपला मोजला. आपला म्हणजे तुझ्या आईचा, फोपनार गावचा, पितळी, जो तू नेला नाहीस. दोन पिशव्या ओतल्या तरी गळ्याशी बोटभर जागा राहिली.

म्हणजे मीठ आणि साखर लिटरची आणि पाणी अर्धा लिटर. ज्या घरात आपला पाठ बघून पाणी केलं असेल, तिथे ते दुप्पट खारट झालं असणार. जुलाब लागलेल्या लेकराला असं पाणी आणखी सुकवतं, हे तूच मला तेव्हा सांगितलं होतंस. मी जन्मभर एकाच तांब्यातून पाणी प्याले आणि मला वाटलं, सगळ्या मुलुखात तेवढाच तांब्या असतो.

तुझं बरोबर होतं. घे, लिहिलं. पावसाळ्याचे दिवस आहेत, घरोघरी जुलाब-उलट्या चालू आहेत आणि तो पाठ अजून दिसतोय. आज सकाळी बघितला, आठवड्यात त्रेचाळीस जणांनी पाहिलाय. पूर्वी आकडा वाढला की आपण चहा करून प्यायचो.

आकडे पाठव, लीला.

सुलभा


११ ऑगस्ट

लीला,

आज रविवार. अकराला बटण दाबलं. काही नाही.

तू पत्रं वाचतेस की चुलीत घालतेस, मला कळायला मार्ग नाही. मोतीलाल म्हणतो, "मैंने खुद लीलाबाई के हाथ में दी." म्हणजे पोचतात. मग मला वाटलं, तू वाचतेस आणि तुला कळतं की मी अर्धंच सांगते आहे. माझं अर्धं सांगणं तुला नेहमीच कळायचं. तर आज पूर्ण सांगते.

धुरपदाबाई आभार मानायला आली नव्हती. मी तसं भासवलं.

ती आली, उंबऱ्याच्या आत बसली. मी रीतीप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं तो उचलला आणि तिचा हात खाली गेला. दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "केवढा मोठा तांब्या वो बाई तुमचा! आमचे तं दोन भरतीन याच्यात." लीला, मला तिथल्या तिथे कळलं. अजून तिनं काही सांगितलंही नव्हतं.

मग तिनं सांगितलं. कोकिळा त्या पाण्यानंतर जास्त आजारी झाली. डोळे वर केले, ओळख देईना. गाडी करून दवाखान्यात नेली. तीन दिवस सलाईन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कसं केलं होतं? म्हातारीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही फार खारट पाणी पाजलंत. पोरगी वाचली. पण तेव्हापासून सून म्हातारीला पोरीच्या ताटाला हात लावू देत नाही. पोरीला भरवायचं नाही, पाणी द्यायचं नाही.

हे सगळं सांगून धुरपदाबाई मला म्हणाली, "बाई, तुमी जसं सांगलं तसंच केलं म्या. सहा चमचे साखर, आर्धा चमचा मीठ, एक तांब्या पानी. सुनेनं बी आयकलं. मंग माह्या हातून काय चुकलं, तेवढं मले सांगा. मी तेवढंच विचारायले आली."

एवढ्या लांबून ती त्यासाठी आली होती. तिला माझ्यावर दोष ठेवायचा नव्हताच. मास्तरीणबाईचं चुकलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि तो मोठा तांब्या आमच्या दोघींच्या मध्ये असताना मी तिला म्हणाले, "आजी, मिठाचा चमचा शिगेला भरला असेल तुमचा."

ती विचार करत बसली. मग म्हणाली, "आसंन. डोळ्याले कमी दिसते मले." केळीची फणी ठेवली आणि गेली. ती केळी मी खाल्ली नाहीत. काळी पडल्यावर गाईला घातली.

झालं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तू पूर्वी ज्या खाटेवर बसायचीस तिच्याकडे बघून एकदा मोठ्यानं सांगून पाहिलं, पण खाट काय बोलणार.

आता दुसरं. तू शाळेवरून गेली नाहीस. शाळेवरून गेलीस, हे मी जगाला सांगते आणि अलीकडे मलाच खरं वाटायला लागलंय. शाळा जूनमध्ये मिळवली, तू गेलीस नोव्हेंबरात. त्या पाठाखाली तू लिहिलं होतंस: "तांब्या लहान असेल तर दोन तांबे पाणी घ्या. मोजायला दुधाच्या पिशव्या वापरा. लीलाबाई." साध्या दोन ओळी. मी त्या वाचल्या आणि माझं डोकं फिरलं. चारचौघांत माझी चूक काढली म्हणून. मी तुझ्या समोर बसून त्या पुसल्या. आणि परत कुणी काही लिहू नये म्हणून सगळ्याच पाठांखालचं लिहिणं बंद करून टाकलं. ते बटण तर मी तुलाच विचारून दाबलं होतं, आठवतं? तू सांगितलंस कुठे आहे ते. मग उठलीस आणि बॅग भरायला घेतलीस.

तो वसंत ट्रकवाला पाठांखाली लिहायचा, "मॅडम, चाळिसाव्या वर्षी भागाकार आला." फोपनारच्या मुली शंका विचारायच्या. तापी पश्चिमेला का वाहते यावर तर एका आजोबांनी आपल्याशी आठवडाभर वाद घातला होता. सगळी माणसं त्या एका बटणानं गप्प झाली. आता मला त्या पाठाखाली धोक्याची एक ओळ लिहायची आहे, तर तीही लिहिता येत नाही. दार मीच बंद केलं आणि किल्ली तुझ्याकडे राहिली.

मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

सुलभा


३० ऑगस्ट

लीला,

काल डोईफोडियाला जाऊन आले. आकड्यांची वाट बघत बसण्यात काही अर्थ नव्हता. त्या म्हातारीला खरं सांगायला मला कुठला कोड लागत होता?

बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्या आईचा तांब्या आणि दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या. शेजारच्या बाईनं विचारलं, लग्नाला निघालात का? भांडं बघून तिला वाटलं, आहेर आहे.

घर सापडलं. धुरपदाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होती, सून आत. मला बघून म्हातारी इतकी खूश झाली की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, आजी, सुनेला बाहेर बोलवा, दोघींसमोर सांगायचंय. सून दारात येऊन उभी राहिली. मी तिला घरातला तांब्या आणायला सांगितला. मग दोन्ही तांबे ओट्यावर ठेवून पिशवीनं पाणी मोजून दाखवलं. अगदी वर्गात दाखवतात तसं. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. म्हटलं, "यांनी मीठ बरोबरच घातलं होतं. चमचाही बरोबर होता. तांब्या मी चुकीचा सांगितला. आणि त्या विचारायला आल्या तेव्हा मला कळलं होतं, तरी मी खोटं बोलले."

मग सून सासूकडे न बघता आत गेली आणि कोकिळाला घेऊन आली. पोरगी हडकुळी आहे, डोळे मोठे. सुनेनं वरण-पोळीची ताटली सासूच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "हिले भरवून द्या, मले आत काम आहे." एवढंच म्हणाली. म्हातारीनं पहिला घास कालवला आणि तिला तो पोरीच्या तोंडापर्यंत नेता येईना, इतकी ती रडत होती.

मला वाटलं, आता ती मला माफ करील. मी तशी वाट बघत उभी होते, खोटं कशाला सांगू. ती डोळे पुसून म्हणाली, "बाई, तुमी मास्तरीन. मी तुमाले विचारायले आली व्हती. दोन महिने मी माह्याच लेकराकडे चोरावानी पाह्यलं." पोरीला भरवत राहिली.

मला तिथे कुणी बस म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. आपल्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आधी तांब्याभर पाणी देतात, आणि माझ्यासमोर तर दोन तांबे भरलेले होते. मला त्याचा राग आला नाही. तहान मात्र फार लागली होती. फाट्यावर येऊन हातपंपावर पाणी प्याले, तेही ओंजळीनं. आपला तांब्या पिशवीत असून काढावासा वाटला नाही.

निघताना कोकिळानं मागून विचारलं, "मोबाईलमधल्या बाई तुमीच का?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मंग ते हात कोनाचे?"

मी सांगितलं, ते लीलाबाईंचे. त्या नदीपलीकडे राहतात.

आकडे पाठवायचे तर पाठव. नाही तर तूच तो पाठ काढ. तुझ्या फोनवरून तुला सहज जमेल. माझ्यासाठी करू नकोस.

सुलभा


१४ सप्टेंबर

लीला,

आज सकाळी बघितलं. सत्त्याऐंशी नंबरचा पाठ गेला. त्या जागी नवा आला आहे.

मी तो सहा वेळा बघितला. तुझेच हात, पण आता मनगटावर शिरा दिसतात. पंडितभाऊंच्या अंगणातली फरशी ओळखली. मागे माग नाहीत, त्यामुळे तुला वीज जाण्याची वाट बघावी लागली नसणार. चिमण्यांचा आवाज येतो, आणि एकदा कुणीतरी बादली ठेवल्याचा. आणि तुझा आवाज. दोनशे चौदा पाठांत तू कधी बोलली नाहीस. मी म्हणायचे, तुला बोलता येत नाही. येतं की. सावकाश बोललीस, त्या म्हातारीला समजेल असं. दुधाच्या दोन पिशव्या, सपाट चमचा, पाणी चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. हे डोळ्यांच्या पाण्याचं मला कधी सुचलं नसतं.

आणि शेवटी म्हणालीस, "आधीच्या पाठात आम्ही तांब्या सांगितला होता. ते आमचं चुकलं."

लीला, आमचं नव्हतं. माझं एकटीचं होतं. तू दोन ओळी लिहिल्या होत्यास आणि मी त्या पुसल्या. ते वाक्य बदल. "सुलभाबाईंचं चुकलं, मी तेव्हाच सांगत होते," असं म्हण. मला आता चालेल.

खाली लिहिणंही तू परत चालू केलंस. पहिली ओळ वसंत ट्रकवाल्याची आहे: "मॅडम कुठे होत्या इतके दिवस?" दोघींना विचारतोय की कुणा एकीला, कळत नाही.

दुपारी माझ्या फोनवर एक मेसेज आला. तुमचा नंबर या चॅनलला जोडण्यात आला आहे. आधीचा नंबर काढून टाकण्यात आला आहे. दोनदा वाचला. म्हणजे तू सगळं माझ्या हवाली केलंस आणि स्वतः बाहेर झालीस. आता मी हवा तो पाठ काढू शकते, हवा तो घालू शकते, तुला विचारायची गरज नाही. मी तुझ्याकडे हेच मागत होते.

मागितलेलं सगळं मिळालं, आणि आता तुला पत्र लिहायला काही काम उरलं नाही. हे लिहून अर्धा तास तशीच बसले आहे. पत्राच्या घडीवर अजून दोन बोटं जागा आहे आणि लिहायला काही नाही, तरी सोडवत नाही.

सुलभा


६ ऑक्टोबर, रविवार

लीला,

तीन आठवडे मी काही लिहिलं नाही. नवा पाठही केला नाही. एकदा वीज गेली तेव्हा फोन रिबिनीनं बांधला आणि आपल्या जुन्या कुंड्यांतलं, भुयारानं जोडलेल्या विहिरींतलं, पाणी उतारानं गावात कसं येतं ते पुन्हा सांगायला घेतलं. एका हातानं चित्र काढायचं आणि तोंडानं बोलायचं, जमेना. माझी चित्रं म्हणजे तुला माहीत आहे. विहीर काढली तर ती भज्यासारखी दिसली. माग चालू झाले तेव्हा बरं वाटलं.

आज सकाळी मेथी निवडत होते. फोन वाजला. वाटलं, कंपनीचा असेल. बघितलं तर सहा आकडे. हा कोड कुणालाही सांगू नका, दहा मिनिटांत बाद होईल.

मी बटण दाबलं नव्हतं. माझ्या फोनवर चॅनल तर उघडाच आहे, मला कोड लागत नाही. घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. बरोबर अकरा.

मी हातातली मेथी तशीच धरून बसले. पाच मिनिटांनी पुन्हा आले सहा आकडे, वेगळे. मग पुन्हा.

लीला, आकडे मेसेज करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते करणार नाही. निदान बारा वेळा मी तुझ्या दारावर थाप मारली, आता तू तुझ्या फोनवरून तीन वेळा मारलीस. थाप पडल्यावर चिठ्ठी पाठवायची नसते, हे मला वयाच्या साठीला टेकल्यावर कळतंय.

तांब्या घासून पिशवीत घातलाय. तुझ्या आईचा आहे, तो तुझ्याकडेच असायला हवा. पूल ओलांडायला अर्धा तास, माझ्या गुडघ्यांना पाऊण तास. तोवर हे तिन्ही कोड मेलेले असतील. हे पत्र पोस्टात टाकत नाही, बरोबर घेते. वाटेत मोतीलाल भेटला तर त्याला दाखवीन.

तांब्या मी आणते आहे. त्यात पाणी घालून मला द्यायचं की नाही, ते तू ठरव. नाही दिलंस तरी मी दारात उभी राहीन.

सुलभा